बंदूक परत मिळाली, पण—

मनुष्याची अब्रू कशांत असते, या प्रश्नाचें उत्तर ज्याचें त्यानें द्यावयाचें असतें. कोणाची ती पदवींत असते, कोणाची वाड्याच्या दिंडीदरवाजांत, तर कोणाची मुलाच्या परदेशच्या नोकरींत. माझी ती एका जुन्या दुनळी बंदुकींत आहे, हें मला वयाच्या एकाहत्तराव्या वर्षीं, पोलीस ती बंदूक घेऊन गेल्यानंतर, प्रथमच कळलें. ज्या गृहस्थानें उभ्या जन्मांत खडूखेरीज दुसरें शस्त्र चालविलें नाहीं, त्याच्या तोंडीं हें वाक्य शोभत नाहीं हें मी जाणतों. तथापि जें घडलें तें जसेंच्या तसें सांगावें, त्यांतून एखाद्या कुटुंबाला चार गोष्टी उपयोगी पडतील, या हेतूनें लेखणी हातीं धरली आहे.

आमचें गांव बीड जिल्ह्यांत, बालाघाटच्या डोंगराच्या कुशींत आहे. हा सारा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. देश १५ ऑगस्ट १९४७ रोजीं स्वतंत्र झाला. आमच्याकडे तो दिवस उगवावयाला आणखी तेरा महिने लागले. त्या तेरा महिन्यांत रझाकारांच्या भयानें असंख्य कुटुंबें सरहद्द ओलांडून शेजारच्या मुंबई इलाख्यांत आश्रयाला गेलीं. आमच्या आजीनें दोन लहान मुलें आणि देवघरांतील देवांचें गाठोडें घेऊन रात्रीच्या रात्रीं बैलगाडीनें बार्शीचा रस्ता धरला. आजोबा घर राखावयाला मागें राहिले. १३ सप्टेंबर १९४८ रोजीं हिंदी फौजा संस्थानांत शिरल्या व १७ तारखेला निजामानें शरणागति पत्करली. आजी परतली तेव्हां वाड्याचीं दारें नाहींशीं झालीं होतीं, पेवें रिकामीं पडलीं होतीं आणि आजोबांचा उजवा हात कायमचा अधू झाला होता. तो कसा झाला, हें त्यांनीं अखेरपर्यंत कोणाला सांगितलें नाहीं. मात्र पुढें दोन वर्षांनीं त्यांनीं परवाना काढून ही दुनळी बंदूक विकत घेतली. अधू हाताच्या माणसाला बंदूक कशाला, असें कोणी विचारलें तर ते म्हणत, “ती घरांत आहे, एवढें पुरे.”

आजोबांमागून ती वडिलांकडे आली आणि वडिलांमागून वारसाच्या नात्यानें मजकडे. दरम्यान १९५९ चा शस्त्र कायदा झाला, तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलांत आला. पुढें १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीचा प्रश्नहि मिटला. आमच्या बंदुकीला काम असें एकच उरलें. विजयादशमीला तिला तेल लावावें, नळ्या पुसाव्या, आपट्याचीं पानें वाहावीं आणि पुन: कपाटांत बंद करून ठेवावी. काडतुसें निराळ्या पेटींत, पेटीची किल्ली माझ्या जानव्याला. २०२० सालच्या नोव्हेंबर महिन्यांत आष्टी तालुक्यांत बिबट्यानें माणसें मारलीं तेव्हां गांवकरी मंडळी माझ्याकडे मोठ्या आशेनें पाहूं लागली होती. मींहि कांहीं रात्रीं बंदूक उशाशीं ठेवली; पण खरें सांगावयाचें तर बिबट्या दारांत आला असता तर मीं प्रथम चष्मा शोधला असता. तो बिबट्या अखेर डिसेंबरांत करमाळा तालुक्यांत बंदोबस्ताच्या गोळीनें मेला आणि आमची बंदूक निष्कलंक राहिली.

आतां मूळ प्रसंगाकडे येतों. मला रक्तदाबाचा विकार आहे. त्यावरील गोळ्यांत एक गोळी लघवीवाटे शरीरांतील पाणी व क्षार बाहेर टाकणारी होती. “या गोळीवर असतांना अधूनमधून रक्तांतील क्षार तपासून घ्या,” असें डॉक्टरांनीं बजावलें होतें. मी शिक्षक! सूचना देण्याची संवय, पाळण्याची नाहीं. त्यांत कोणीतरी सांगितलें कीं रक्तदाबाला मीठ वाईट. तेव्हां मीं आपल्या बुद्धीनें मीठ जवळजवळ सोडलें. २०२५ च्या एप्रिलांत आमच्याकडे उन्हाचा असा तडाखा बसला कीं तांब्यामागून तांबे पाणी पीत होतों. दोन-तीन दिवस मळमळ, डोकें जड आणि नांवें विसरणें असा क्रम चालला. उन्हाळा बाधला असेल, असें मानून आम्ही सारे पन्हें करण्यांत दंग राहिलों.

त्यापुढील रात्रीचें मला कांहींहि स्मरत नाहीं. जें लिहितों तें इतरांच्या तोंडून ऐकलेलें आहे. मध्यरात्रीच्या सुमारास मी उठलों, कपाट उघडलें, बंदूक काढली आणि अंगणांत दरवाजासमोर पाट टाकून बसलों. आमची सौभाग्यवती जागी होऊन बाहेर आली, तों मी ओरडलों, “आजीला गाडींत बसवा! रझाकार वेशींत आले!” ज्या काळीं मी जन्मलोंहि नव्हतों, त्या काळची ती रात्र माझ्या डोक्यांत कोठें दडून बसली होती, ईश्वर जाणे. ती पुढें झाली आणि म्हणाली, “अहो, मी आहें. ओळखलें नाहींत का?” मीं ओळखलें नाहीं. नळी तिच्याकडे वळवून मी “कोण आहे, नांव सांग” असें विचारीत होतों.

शेजाऱ्यांनीं पोलिसांना फोन केला. जो हवालदार आला तो माझाच एक जुना विद्यार्थी. वर्गांत तो फारसा चमकला नाहीं. त्याचा गणिताचा पेपर तपासतांना मीं अनेकदां कपाळाला हात लावला आहे. परंतु त्या रात्रीं त्यानें जी बुद्धि दाखविली, ती माझ्या कोणत्याहि हुशार विद्यार्थ्याला सुचली नसती. त्यानें दरडावलें नाहीं, झडप घातली नाहीं. अंगणाच्या कडेला उभा राहून तो शांतपणें म्हणाला, “गुरुजी, बैलगाडी आली आहे. बंदूक मी धरतों; तुम्ही आजीला हात देऊन बसवा.” मीं मुकाट्यानें बंदूक त्याच्या हातांत दिली आणि आजीला शोधावयाला निघालों. पुढें त्याच गाडीनें, म्हणजे पोलिसांच्या गाडीनें, माझी स्वारी रुग्णालयांत गेली.

रक्तांतील सोडियम हा क्षार दर लिटरला १३५ ते १४५ या मापांत असावा लागतो. माझा ११४ भरला. हा क्षार फार उतरला म्हणजे पाणी पेशींत शिरतें, मेंदू सुजतो आणि माणसाला भ्रम होतो. वेळीं झटके येऊन प्राणहि जातो. मला नवल वाटलें तें उपचारांचें. क्षार कमी आहे तर भराभर भरावा, असें आपल्याला वाटतें. परंतु तो घाईनें वाढविला तर मेंदूला कायमची इजा होते. म्हणून एका दिवसांत आठ-दहा अंशांहून अधिक वाढूं न देतां, पुन: पुन: रक्त तपासून, थेंबाथेंबानें तो पूर्वपदावर आणावा लागतो. चौथ्या दिवशीं सकाळीं मीं डोळे उघडले, समोरच्या स्त्रीला ओळखलें आणि चहा मागितला. ती तोंडाला पदर लावून बाहेर गेली. मला वाटलें, चहा आणावयाला गेली.

घरीं आल्यावर कपाट रिकामें दिसलें. पंचनामा रीतसर झाला होता. बंदूक, काडतुसें व परवाना ठाण्यांत जमा झाल्याची पावती सौभाग्यवतीनें देवघरांत जपून ठेवली होती. यावर मीं कांहींच म्हटलें नसतें. पण पंधरा-वीस दिवसांनीं कारणें दाखवा नोटीस आली, आणि तिच्यांतील दोन शब्दांनीं माझी झोंप उडाली. परवानाधारक ‘विकल मनाचा’ असल्याचें दिसून येतें, तरी परवाना रद्द कां करूं नये? ज्यानें पस्तीस वर्षें मुलांना भूमिति शिकविली, ज्याच्याकडे गांव तंटे तोडावयाला येई, त्याचें मन विकल! मीं नोटीस वाचली, पुन: वाचली आणि सौभाग्यवतीला म्हणालों, “बंदूक परत आणल्याखेरीज राहणार नाहीं.”

ती एवढेंच म्हणाली, “कशाला हवी ती?” मीं अब्रूवर एक लांबलचक व्याख्यान दिलें. तिनें तें ऐकून घेतलें व भाजी निवडूं लागली.

नोटीस देणारांना मी दोष देत नाहीं. शस्त्र कायद्याच्या सतराव्या कलमानें परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला असा अधिकार दिलाच आहे. परवानाधारक विकल मनाचा असेल, किंवा अन्य कारणानें परवान्यास अपात्र असेल, तर तो परवाना स्थगित अथवा रद्द करतां येतो. मात्र हुकूम लेखी असावा, कारणें नमूद करावीं, आणि बाधित माणसाला वरिष्ठांकडे अपील करतां यावें, अशीहि व्यवस्था त्याच कायद्यांत आहे. शिवाय वेळ कोणती होती, हेंहि पाहिलें पाहिजे. ९ डिसेंबर २०२४ रोजीं केज तालुक्यांतील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची निर्घृण हत्या झाली आणि सबंध महाराष्ट्राचें लक्ष बीडकडे वळलें. या एका जिल्ह्यांत बाराशेंहून अधिक शस्त्रपरवाने आहेत, हें त्या वेळीं लोकांना कळलें. कमरेला पिस्तूल लावून मिरविणारे, लग्नाच्या वरातींत हवेंत बार काढणारे आणि त्याचीं चित्रें जगाला दाखविणारे वीर एकेक करून उजेडांत आले. परवान्यांची छाननी सुरू झाली आणि पुढील महिन्यांत शंभराहून अधिक परवाने गेले. अशा दिवसांत एक म्हातारा रात्रीं बंदूक घेऊन अंगणांत बसतो, तेव्हां कोणता अधिकारी ती हंसत हंसत परत करील? मी अधिकारी असतों तर मींहि केली नसती.

तरी मीं उत्तर लिहिलें, तें मुद्देसूद. पहिला मुद्दा असा कीं, वेड आणि भ्रम या दोन भिन्न वस्तु आहेत. तापांत मूल बरळतें, त्याला आपण वेडें म्हणत नाहीं; क्षार उतरल्यानें बरळणारा म्हातारा त्याच जातीचा. दुसरा मुद्दा, कारण सांपडलें, तें दूर झालें, ती गोळी बंद होऊन दुसरी सुरू झाली, आणि त्यानंतरच्या तीनहि तपासण्यांत क्षार योग्य मापांत आला. तिसरा मुद्दा, २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार पूर्वीं मनोरुग्णालयांत झालेला उपचारसुद्धां एकटाच कोणाला मनोरुग्ण ठरविण्यास पुरेसा नाहीं; मग जो त्या रुग्णालयाची पायरीहि चढला नाहीं त्याची कथा काय? सोबत रुग्णालयाचा सारांश, रक्ताचे अहवाल आणि वैद्यांचा दाखला जोडला.

त्यानंतर मनोविकारतज्ज्ञांकडून तपासणी झाली. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणें नव्या अर्जदारालाहि शरीर व मन धड असल्याचा वैद्यकीय दाखला द्यावा लागतो, मग माझ्यासारख्याची तपासणी अधिक कसून व्हावी हें उचितच. तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनीं वार, तिथि, गांव विचारलें, घड्याळ काढावयाला सांगून त्यांत अकरा वाजून दहा मिनिटें दाखवा म्हणाल्या, मग, “शंभरांतून सात वजा करीत चला.” मीं ‘त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी’ असें म्हणत थेट दोनापर्यंत पोहोंचलों. त्या हंसून म्हणाल्या, “पांच पायऱ्या पुरे होत्या, आजोबा.” त्या दिवशीं मी घरीं आलों तो परीक्षा उत्तीर्ण झालेल्या पोराच्या तोऱ्यांत.

पुढें शेजाऱ्यांचे जबाब झाले, ठाण्याचा अहवाल गेला, कागद या मेजावरून त्या मेजावर गेले, कांहीं काळ एका मेजावर विसांवले. मीं खेपा घातल्या. दसरा आला. २ ऑक्टोबरला शस्त्रपूजेच्या पाटावर ठेवावयाला बंदूक नव्हती. सौभाग्यवतीनें तेथें विळी, अडकित्ता आणि माझी लेखणी ठेवली व हळद-कुंकू वाहिलें. मला तें मुळींच आवडलें नाहीं, पण बोललों नाहीं.

सुनावणीच्या दिवशीं अधिकाऱ्यांनीं सौजन्यानें सारें ऐकून घेतलें आणि शेवटीं एकच प्रश्न केला, “गुरुजी, या शस्त्राची आपल्याला गरज काय?” जिल्ह्याची मुक्तता होऊन सत्त्याहत्तर वर्षें झालीं होतीं. शिकार बंद, शेत बटाईनें दिलेलें, शत्रु कोणी नाहीं. मी खोटें बोलूं शकलों असतों. पिकांत रानडुकरें येतात, असें सांगण्याचा सल्ला मला मिळालाहि होता. मी म्हणालों, “साहेब, गरज कांहीं नाहीं. आजोबांची आठवण आहे. आणि तो शब्द माझ्या नांवापुढें राहूं नये, एवढीच इच्छा आहे.” ते क्षणभर थांबले. “शब्द तर राहणार नाहीं,” असें म्हणून त्यांनीं कागद पुढें ओढला.

या दिवसांत मीं इतर देशांतील रीति जाणून घेतल्या. जपानांत बंदुकीच्या परवान्यासाठीं वैद्याचा दाखला लागतो व पोलीस घरीं येऊन चौकशी करतात. इंग्लंडांत अर्जदाराच्या प्रकृतीविषयीं त्याच्या डॉक्टरांकडून माहिती घेतली जाते. अमेरिकेंत, जेथें बंदूक हा जन्मसिद्ध हक्क मानणारे पुष्कळ आहेत, तेथेंहि कनेक्टिकट संस्थानानें १९९९ सालीं धोक्याच्या स्थितींतील माणसाचीं शस्त्रें न्यायाधीशाच्या हुकुमानें काढून घेण्याचा आणि मागाहून त्याची सुनावणी करण्याचा कायदा केला. सर्वत्र तत्त्व एकच दिसतें. आधीं हत्यार दूर करावें, मग शांतपणें माणसाचें म्हणणें ऐकावें. विलंब होतो, मनाला लागतें. पण हा क्रम उलटा झाला तर ऐकावयाला कोणी उरेलच असें नाहीं.

कार्तिकांत हुकूम आला. वैद्यकीय पुराव्यावरून परवानाधारक विकल मनाचा असल्याचें सिद्ध होत नाहीं, सबब नोटीस मागें घेण्यांत येत आहे व शस्त्र परत करावें. तो कागद मीं देवापुढें ठेवला. दुसऱ्या दिवशीं ठाण्यांत जाऊन पावती दिली, सही केली. हवालदारानें मुद्देमालाच्या खोलींतून बंदूक आणली. सात महिन्यांत नळ्यांवर गंजाचे ठिपके आले होते. “गुरुजी, त्या रात्रीचा राग धरूं नका,” तो म्हणाला. मीं त्याच्या पाठीवर हात ठेवला. तोंडून शब्द फुटला नाहीं.

संध्याकाळीं पडवींत बसून मीं बंदुकीला तेल लावीत होतों. सौभाग्यवती दिवा लावून आली आणि उंबऱ्याशींच थबकली. मी उत्साहानें म्हणालों, “पाहिलेंत, अखेर आली घरीं! आणि त्या रात्रींसुद्धां भिण्यासारखें कांहीं नव्हतें. ती रिकामीच होती. काडतुसांची पेटी मीं उघडलीच नव्हती, पंचनाम्यांत तसें लिहिलें आहे.”

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “पंचनामा मागाहून झाला. मी समोर उभी होतें तेव्हां मला कुठें माहीत होतें?”

सात महिन्यांत तिनें हा विषय काढला नव्हता, आणि मींहि तिला विचारलें नव्हतें. मीं डॉक्टरांना समजाविलें, अधिकाऱ्यांना समजाविलें, कायद्याचीं कलमें पाठ केलीं. पण ज्या बाईवर मीं नळी रोखली, जिनें पळून न जातां “अहो, मी आहें” असें म्हटलें, तिची सुनावणी मीं एकदांहि घेतली नाहीं. रुग्णालयांत ती चहा आणावयाला गेली नव्हती, हेंहि मला त्या क्षणीं उमगलें. अब्रूच्या भांडणांत माणूस किती आंधळा होतो! आजोबांनीं बंदूक घेतली ती घरांतल्या माणसांना पुन: भय वाटूं नये म्हणून. तीच आतां घरांत भय घेऊन आली होती.

दुसऱ्या दिवशीं मीं परवानाधारी शस्त्रविक्रेत्याकडे जाऊन बंदूक रीतसर ठेव म्हणून दिली. चिरंजीव पुण्यास असतात. त्यांना तिची हौस नाहीं. परवान्याची मुदत संपेल तेव्हां नूतनीकरण न करतां ती कायद्याप्रमाणें विकून टाकावी, असें आम्हां दोघांचें ठरलें आहे. परवाना मीं मागून घेतला तो माझ्या नांवासाठीं. बंदूक सोडली ती घरासाठीं. यांत विसंगति आहे असें कोणी म्हणेल, तर मी वाद घालणार नाहीं.

वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं वृद्ध माणसें रक्तदाबाच्या गोळ्या घेत असतील त्यांना एवढेंच सांगणें कीं, डॉक्टरांनीं सांगितलेली रक्ततपासणी चुकवूं नका. मनानें मीठ सोडूं नका, मनानें वाढवूंहि नका. आणि म्हातारा माणूस एकाएकीं भलतेंच बोलूं लागला तर पन्हें करीत बसूं नका, त्याला रुग्णालयांत न्या. ज्यांच्या घरीं शस्त्र असेल त्यांनीं त्याविषयीं घरांतल्या माणसांशीं एकदां मोकळेपणानें बोलावें. तें रिकामें आहे कीं भरलेलें, हें केवळ धन्यालाच ठाऊक असून चालत नाहीं.

परवां सौभाग्यवतीनें जेवतांना विचारलें, “आमटींत मीठ बरोबर आहे का?” मी “आहे” म्हणालों. ती म्हणाली, “नीट चाखून सांगा. मागच्या खेपेला तुम्ही मला विचारलें नव्हतें.”